परसबागेतील उष्णकटिबंधीय फुलझाडे (ठाणे परिसर)

परसबागेतील उष्णकटिबंधीय फुलझाडे म्हणजे घराचे अंगण, परस, गच्ची किंवा गॅलरी येथे लावली जाणारी, उष्ण व दमट हवामानात वाढणारी शोभेची आणि सुवासिक फुलांची झाडे, झुडपे व वेली होत. जास्वंद, मोगरा, अनंत, सोनचाफा, तगर, प्राजक्त, बोगनवेल, एक्झोरा, अबोली आणि सोनटक्का ही ठाणे शहर व कल्याण-डोंबिवली भागात नेहमी आढळणारी उदाहरणे आहेत. हा लेख मुख्यतः ठाणे शहरातील बाळकुम आणि त्यासारख्या खाडीकाठच्या वस्त्यांतील लागवड व निगा यांविषयी आहे.

या भागात थंडीपासून झाडे वाचवण्याचा प्रश्न येत नाही. चार महिने अतिवृष्टी आणि आठ महिने जवळजवळ कोरडे हवामान ही येथील मुख्य अडचण आहे. त्यामुळे येथील निगेचे बहुतेक नियम पाण्याशी, विशेषतः मुळांभोवती ओलावा आणि हवा यांचा समतोल राखण्याशी निगडित आहेत. शेतकऱ्यांच्या भाषेत मातीच्या अशा समतोल स्थितीस वाफसा म्हणतात. कुंडीतील झाडे तहानेने मरतात तशीच, किंबहुना पावसाळ्यात त्याहून अधिक, वाफसा न राहिल्याने मरतात.

स्थान व हवामान

बाळकुम हे मूळचे गावठाण असून आता ते ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. जुना ठाणे–भिवंडी रस्ता बाळकुम नाक्यावरून कशेळी पुलाकडे जातो. उल्हास नदीची खाडी आणि तिच्या काठची खारफुटी येथून जवळ आहे. कापूरबावडी, ढोकाळी, कोलशेत व माजिवडा हे लगतचे भाग होत.

हा परिसर सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बराच दक्षिणेस आहे. वार्षिक पाऊस सरासरी सुमारे २,५०० मिलिमीटर असून त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि माघारीची ८ ऑक्टोबर आहे. ठाण्यासाठीही याच तारखा ढोबळमानाने धरल्या जातात. जुलै हा सर्वाधिक पावसाचा महिना असतो.

कुंडीच्या दृष्टीने या पावसाचा अर्थ साध्या गणिताने कळतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या कुंडीत १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी सुमारे ७ लिटर पाणी पडते. त्याच कुंडीला मे महिन्यात दिवसाला साधारणपणे एक ते दोन लिटर पाणी पुरते. एका पावसाळी दिवसाचे पाणी याप्रमाणे उन्हाळ्यातील अनेक दिवसांच्या गरजेहून जास्त असते.

परसापासून गॅलरीपर्यंत

कोकणातील जुन्या घराच्या पुढे अंगण व तुळशीवृंदावन, तर मागे परस असे. अंगणाच्या कडेने जास्वंद, तगर, प्राजक्त आणि अनंत लावत. ही फुले रोजच्या पूजेसाठी लागत. परसात मोरीचे पाणी जेथे वाहून जाई तेथे केळी, अळू व कर्दळ लावत. भरपूर पाणी सोसणारी झाडे सांडपाण्याच्या वाटेवर आणि निचरा हवा असणारी झाडे उंचवट्यावर, अशी ही योजना होती. सांडपाण्याचा निपटारा आणि बागेचे पाणी ही दोन्ही कामे तीतून साधत.

येथील सर्व फुलझाडे मूळची कोकणातील नाहीत. ठाणे व वसई हा प्रदेश अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई जिंकली. अमेरिका खंडातील कित्येक वनस्पती युरोपीय व्यापाराच्या मार्गाने भारतात आल्या. देवचाफा, गुलबाक्षी, रातराणी आणि पिवळी कण्हेर या अमेरिका खंडातील वनस्पती आज मराठी घरांत परक्या मानल्या जात नाहीत. बोगनवेलही दक्षिण अमेरिकेतील आहे. फ्रेंच दर्यावर्दी लुई अँत्वान द बूगनव्हील याच्या सफरीत १७६७ साली फिलिबेर कोमेर्सोन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये ती गोळा केली आणि दर्यावर्दीचे नाव तिला मिळाले. जास्वंदीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस असे असून त्याचा शब्दशः अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा होतो. हे नाव लिनीयसने १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. जास्वंद इतक्या प्राचीन काळापासून लागवडीत आहे की तिचे खात्रीलायक रानटी मूळ सापडलेले नाही.

इमारती उंच होत गेल्या तसे परस घरामागून गॅलरीत आणि गच्चीवर आले. या बदलाने झाडांची परिस्थिती चार बाबतींत पालटली. जमिनीत मुळे हवी तेवढी खोल जातात, तर कुंडीत त्यांना मोजक्या लिटर मातीवर भागवावे लागते. अंगणात दिवसभर ऊन असते, तर गॅलरीत ते इमारतीच्या दिशेवर ठरते. वरच्या मजल्यांवर वारा जोरदार असल्याने पाने लवकर सुकतात. जमिनीतील जादा पाणी खाली झिरपून जाते, कुंडीत मात्र ते तळाशी साचून राहू शकते. जुन्या पिढीचे अनुभव यामुळे गॅलरीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

ऊन व दिशा

बहुतेक फुलझाडांना रोज किमान चार ते सहा तास थेट ऊन लागते. जास्वंद, मोगरा, बोगनवेल, एक्झोरा व देवचाफा यांना ऊन कमी पडले की पाने भरपूर येतात पण कळ्या येत नाहीत.

ठाण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या दरम्यान दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि उरलेल्या वर्षात तो दक्षिणेकडे राहतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच येत असल्याने दक्षिणेकडील गॅलरीत ऊन खोलवर शिरते. मेमध्ये त्याच गॅलरीवर वरच्या मजल्याची सावली पडते. उत्तरेकडील गॅलरीत हिवाळाभर थेट ऊन जवळजवळ येत नाही.

यावरून दिशेनुसार झाडांची निवड पुढीलप्रमाणे केली जाते.

• पूर्व: मोगरा, अनंत, जास्वंद, अबोली. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली अनंताला विशेष मानवते.
• दक्षिण: जास्वंद, एक्झोरा, बोगनवेल, अडेनियम.
• पश्चिम: बोगनवेल, मधुमालती, देवचाफा. मोगराही येथे चालतो, परंतु मार्च ते मे या काळात दुपारच्या उन्हामुळे त्याला पाणी अधिक लागते.
• उत्तर: अँथुरियम व सावली सोसणारी शोभेची पानझाडे. येथे मोगरा किंवा बोगनवेल लावल्यास सहसा निराशा पदरी येते.

माती, कुंडी व निचरा

मुळे श्वसन करतात आणि त्यासाठी त्यांना मातीच्या पोकळ्यांतील प्राणवायू लागतो. पाण्यात प्राणवायूचा प्रसार हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट मंद असतो. माती सतत पाण्याने भरलेली राहिली की मुळे गुदमरतात, त्यांची पाणी शोषण्याची क्षमता घटते आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे रोगकारक जीव त्यांवर हल्ला करतात. अशा झाडाची पाने ओल्या मातीतही मलूल होऊन लोंबू लागतात.

येथेच सर्वाधिक होणारी चूक घडते. लोंबलेली पाने पाहून झाडाला तहान लागली असे समजले जाते, आणखी पाणी घातले जाते व उरलीसुरली मुळेही कुजतात. पाणी देण्यापूर्वी बोट दोन ते तीन सेंटिमीटर खोल मातीत घालून ओल तपासणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. माती कोरडी आणि पाने मलूल असल्यास झाड तहानलेले असते; माती ओली आणि पाने मलूल असल्यास मुळे अडचणीत असतात. दुसऱ्या स्थितीत पाणी थांबवून कुंडी पावसाबाहेर हलवतात. झाड काढून पाहिल्यास निरोगी मुळे पांढरट व टणक, तर कुजलेली मुळे तपकिरी, मऊ व दुर्गंधीयुक्त दिसतात. कुजलेला भाग कापून झाड नव्या भुसभुशीत मिश्रणात लावल्यास ते काही वेळा वाचते.

ठाणे परिसरातील रोपवाटिकांत मिळणारी लाल माती चिकण असते. ती एकटी वापरल्यास पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट बनते. म्हणून ती मोकळी करणारे पदार्थ मिसळतात. कुंडीसाठी सर्वसाधारण मिश्रणात चार भाग लाल माती, तीन भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग भाताचे तूस किंवा कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा असतो. कोकोपीट पाणी धरून ठेवते. त्यामुळे थेट पावसात राहणाऱ्या कुंड्यांत त्याचे प्रमाण कमी करून तूस व विटांचा चुरा वाढवणे योग्य ठरते. अडेनियमसाठी निम्म्याहून अधिक भाग वाळू व विटांचे तुकडे यांचा असावा लागतो.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, हा एक रूढ समज आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजी उतरत नाही. माती पुरेशी संपृक्त झाल्यावरच ते खाली जाते, आणि पाण्याने भरलेला पट्टा तळाऐवजी खडीच्या वर तयार होतो. परिणामी मुळांना उपलब्ध असलेली मोकळी माती कमी होते. छिद्रावर खापराचा एक वक्र तुकडा ठेवणे पुरेसे असते. त्याचे काम माती वाहून जाऊ न देणे एवढेच आहे. निचरा खऱ्या अर्थाने सुधारतो तो मिश्रण भुसभुशीत ठेवल्याने, छिद्रांची संख्या वाढवल्याने आणि कुंडी विटांवर उचलून ठेवल्याने.

मातीच्या कुंडीच्या भिंतीतून ओलावा बाहेर पडतो, म्हणून ती पावसाळ्यात सुरक्षित ठरते. प्लास्टिकची कुंडी हलकी असते आणि उन्हाळ्यात कमी पाणी मागते. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावल्यास न वापरली गेलेली माती ओली राहते. त्यामुळे कुंडीचा आकार टप्प्याटप्प्याने वाढवतात.

पाणी

ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात बहुतेक कुंड्यांना एक दिवसाआड, मार्च ते मध्य जून या काळात रोज, आणि अतिशय उष्ण दिवसांत वरच्या मजल्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे लागते. पाणी तळाच्या छिद्रातून वाहू लागेपर्यंत देतात. रोज थोडे थोडे शिंपडल्याने फक्त वरचा थर भिजतो आणि मुळे वरच राहतात.

खाडीच्या जवळ असलेल्या काही विहिरी व कूपनलिका यांचे पाणी मचूळ असते. असे पाणी दीर्घकाळ वापरल्यास मातीत क्षार साठतात, पानांची टोके व कडा करपतात आणि मातीवर पांढरी पुटे दिसतात. अनंत, एक्झोरा व अँथुरियम यांना हा त्रास लवकर होतो. बोगनवेल, कण्हेर व देवचाफा तुलनेने क्षार अधिक सोसतात. पावसाळ्यात साठलेले क्षार धुऊन जातात. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा भरपूर गोड्या पाण्याने माती धुतल्यास नुकसान कमी होते.

प्रमुख फुलझाडे

जास्वंद: फूल सहसा एकच दिवस टिकते, परंतु योग्य निगा राखल्यास वर्षातील बहुतेक काळ फुले येत राहतात. गणपतीच्या पूजेत लाल जास्वंदीला मान आहे. फुले नव्या फुटीवर येत असल्याने छाटणी आवश्यक असते. ऑक्टोबरमध्ये एक तृतीयांश वाढ छाटल्यास हिवाळ्यापासून चांगला बहर मिळतो. पूर्वापार चालत आलेली एकेरी लाल जास्वंद काटक असते, तर मोठ्या रंगीत फुलांचे संकरित वाण मूळकुजीस अधिक बळी पडतात.

मोगरा: शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, पाणी कमी करून झाडाला विश्रांती दिली जाते. त्यानंतर छाटणी करून खत व पाणी सुरू केल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीपासून कळ्या धरतात. मुख्य हंगाम मार्च ते जून असतो. वर्षभर सारखे पाणी आणि नत्रयुक्त खत दिल्यास वेल वाढतो, पण फुले कमी येतात.

अनंत: शास्त्रीय नाव गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस. त्याला आम्लधर्मी माती लागते. सामू वाढल्यास लोह मुळांना मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लाकडाची राख व चुना यांनी सामू वाढतो, म्हणून ते या झाडाला देत नाहीत. कळ्या न उमलता गळणे ही नेहमीची तक्रार असून अनियमित पाणी, जागा बदलणे आणि कोरडा वारा ही तिची कारणे आहेत.

सोनचाफा: शास्त्रीय नाव मॅग्नोलिया चंपाका, पूर्वी ते मिकेलिया चंपाका असे होते. बियांपासून वाढवलेल्या झाडास फुले येण्यास अनेक वर्षे लागतात, तर कलमास एक-दोन वर्षांत येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून प्रसार झालेला ‘वेलणकर’ हा कलमी प्रकार कोकणात लोकप्रिय आहे. जमिनीत हा मोठा वृक्ष होतो, त्यामुळे तो कुंपणाच्या भिंतीस चिकटून लावत नाहीत.

बोगनवेल: रंगीत दिसणारा भाग सहपत्रांचा असतो, खरी फुले त्यांच्या मध्यभागी असलेली लहान, नळीसारखी व फिकट रंगाची असतात. लहान दिवस आणि मातीचा थोडा कोरडेपणा यांनी बहर येतो, म्हणून ती हिवाळा व उन्हाळ्यात रंगते आणि पावसाळ्यात हिरवी राहते. पावसाळ्यात फुले नाहीत म्हणून खत वाढवणे निरुपयोगी असते.

प्राजक्त: फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतो. मोठ्या पिंपात लावता येतो, मात्र हिवाळ्यानंतर पाने झडू लागली म्हणून झाड मेले असे समजू नये.

सोनटक्का व कर्दळ: कंदांपासून वाढणाऱ्या या वनस्पतींना भरपूर ओल मानवते. इतर झाडांना घातक ठरणारा पावसाळा यांचा बहराचा काळ असतो. ज्या कोपऱ्यात पाणी साचते, तेथे त्या लावणे हा निचऱ्याच्या प्रश्नावरचा एक उपाय ठरतो.

अडेनियम: मूळ अरबस्तान व आफ्रिकेतील कोरड्या प्रदेशातील. जून ते सप्टेंबर ते पावसात ठेवल्यास फुगीर खोड आतून कुजते. उन्हाळ्यात मात्र ते भर उन्हात फुलते.

खत व छाटणी

अतिवृष्टीत नत्र व पालाश पाण्यासोबत वाहून जातात. त्यामुळे भर पावसात दिलेले विद्राव्य खत बहुतांशी वाया जाते. खताच्या दोन मुख्य वेळा म्हणजे ऑक्टोबर आणि फेब्रुवारी. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा यांचा वापर प्रचलित आहे. कुंडीच्या वरची पाच सेंटिमीटर माती काढून तेथे खत व नवी माती भरतात. दोन ते तीन वर्षांनी झाड काढून बाहेरची गुंडाळलेली मुळे छाटतात आणि मिश्रण बदलतात.

देवपूजेचे निर्माल्य, भाजीची देठे व वाळलेली पाने यांपासून घरीच खत करता येते. कोल्हापूरचे गणितज्ञ श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने शहरातील गच्चीवर पालापाचोळ्यापासून माती तयार करून शेती करण्याची कल्पना महाराष्ट्रात रुजवली. आजच्या गच्चीवरील बागांतील अनेक पद्धतींवर तिचा प्रभाव आहे.

वर्षभराचे वेळापत्रक

• मे अखेर: कुंड्यांची छिद्रे मोकळी करणे, कुंड्या विटांवर उचलणे, उंच फांद्या छाटणे व आधार देणे. पहिल्या पावसापूर्वीचे हे काम वर्षातील सर्वांत महत्त्वाचे समजले जाते.
• जून–जुलै: नवी लागवड, छाट कलमे. अडेनियम व अनंताच्या कुंड्या आडोशाला हलवणे.
• ऑगस्ट: मुळांची तपासणी, गोगलगायी वेचणे, बुरशीग्रस्त पाने काढणे.
• ऑक्टोबर: उन्हाचा चटका वाढतो आणि पाऊस थांबतो. पावसाळ्यात मऊ झालेली पाने करपू नयेत म्हणून झाडे हळूहळू उन्हात आणतात. छाटणी व खत.
• नोव्हेंबर–जानेवारी: मोगऱ्याला विश्रांती व छाटणी, बोगनवेलीचे पाणी कमी करणे.
• फेब्रुवारी–एप्रिल: खत, वाळलेल्या पानांचे आच्छादन, पाणी वाढवणे.

अभिवृद्धी

जास्वंद, बोगनवेल, तगर व एक्झोरा यांची छाट कलमे पावसाळ्याच्या सुरुवातीस लावतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची फांदी निवडून खालची पाने काढून टाकतात. मोगऱ्याची जमिनीलगतची फांदी मातीत दाबून दाब कलम करता येते. अनंतासाठी गुटी कलम आणि सोनचाफ्यासाठी भेट कलम किंवा डोळा भरणे या पद्धती वापरतात. सोनटक्का व कर्दळीचे कंद विभागून लावतात.

कीड व रोग

पिठ्या ढेकूण ही जास्वंदीची सर्वांत त्रासदायक कीड आहे. कापसासारखे पांढरे पुंजके शेंड्यांवर व पानांच्या बेचक्यांत दिसतात. तिच्या गोड स्रावावर मुंग्या येतात आणि काजळीसारखी काळी बुरशी वाढते. मुंग्या या किडीचे भक्षक कीटकांपासून रक्षण करतात, म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त हा उपायाचाच भाग असतो. सुरुवातीस पाण्याचा जोरदार फवारा व बाधित शेंडे कापणे पुरते. त्यानंतर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने फवारतात. मावा, फुलकिडे व खवले कीड यांवरही हाच उपाय उपयोगी पडतो. मोगऱ्याच्या कळ्या पोखरणारी अळी दिसल्यास बाधित कळ्या तोडून नष्ट करतात.

आफ्रिकेतून आलेली मोठी शंखी गोगलगाय पावसाळ्यात रोपे फस्त करते. संध्याकाळनंतर ती हाताने, हातमोजे घालून वेचणे सर्वांत परिणामकारक असते. मीठ टाकल्यास गोगलगाय मरते, पण माती खारट होते.

प्रत्येक अळी ही कीड नसते. सोनचाफ्याच्या पानांवर टेल्ड जे आणि कण्हेरीवर कॉमन क्रो या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. मोठ्या झाडाचे त्यांनी फारसे नुकसान होत नाही. जास्वंदीवर मधासाठी शिंजीर येतात. ठाण्यात घोडबंदर मार्गावरील ओवळेकर वाडी हे फुलपाखरू उद्यान अशा खाद्य-वनस्पतींच्या लागवडीमुळे प्रसिद्ध आहे.

आरोग्य व सुरक्षितता

कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास अंडी घालतो. अनुकूल तापमानात अंड्यापासून पूर्ण डास होण्यास सुमारे सात ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस सर्व ताटल्या रिकाम्या करून कोरड्या ठेवण्यास आरोग्य यंत्रणा सांगतात. या डासाची अंडी कोरड्या पृष्ठभागावर अनेक महिने जिवंत राहतात. म्हणून केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नसते, ताटली घासून धुवावी लागते. पावसाळ्यात ताटल्या काढून टाकणे झाडांच्या मुळांसाठी आणि शेजाऱ्यांच्या आरोग्यासाठी सारखेच हितकारक आहे.

ओल्या मातीने भरलेल्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीचे वजन २५ ते ३० किलोपर्यंत जाते. अशा कुंड्या कठड्यावर किंवा खिडकीच्या छज्जावर ठेवणे धोकादायक असते. वादळी वाऱ्यात त्या खाली पडून अपघात होऊ शकतो. गच्चीवर मोठी बाग करण्यापूर्वी इमारतीची भारक्षमता व जलरोधक थर यांची तज्ज्ञाकडून तपासणी करणे आवश्यक असते.

कण्हेर, पिवळी कण्हेर व अडेनियम यांचे सर्व भाग विषारी असून हृदयावर परिणाम करतात. पिवळ्या कण्हेरीची बी विशेष घातक असते. लहान मुले व पाळीव प्राणी असलेल्या घरांत ही झाडे टाळणे किंवा हाताबाहेर ठेवणे इष्ट ठरते. छाटणीनंतर हात धुणे आवश्यक असते.

सोसायटीच्या आवारातील वृक्षांना महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. वाढलेला सोनचाफा तोडण्यासाठी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून जागेची निवड लावतानाच विचारपूर्वक केली जाते.

सामाजिक व आर्थिक संदर्भ

घरच्या फुलांचा मुख्य उपयोग पूजा व केशभूषेसाठी होतो. मोगऱ्याचे गजरे आणि अबोलीच्या वेण्या लग्नकार्यांत व सणांत वापरल्या जातात. श्रावण-भाद्रपदात, म्हणजे फुलांची मागणी सर्वाधिक असताना, मोगरा हंगामाबाहेर असतो. तेव्हा जास्वंद, तगर, प्राजक्त व सोनटक्का ही पावसाळी फुले घरची गरज भागवतात.

व्यापारी पातळीवर वसई भागातील सोनचाफा, मोगरा व जास्वंद आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पालघर जिल्ह्यातील तालुक्यांतील मोगरा दादरच्या फूल बाजारात जातो. कल्याण येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारातही फूल बाजार आहे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (स्थापना १९७२) कोकणातील फळे-फुलांच्या लागवडीवर संशोधन करते. ठाणे महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणातर्फे ‘वृक्षवल्ली’ या नावाने झाडे, फुले व फळे यांचे प्रदर्शन भरवले जाते. त्यात घरगुती बागप्रेमींच्या कुंड्यांनाही स्थान असते.